डबा, डबी, डबडं

खाटेला स्तन नाहीत आणि झाडाच्या अंगावर पुरुषासारखी लव नाही. मग संस्कृतात ‘खट्वा’ स्त्रीलिंगी आणि ‘वृक्ष’ पुल्लिंगी का? हा प्रश्न पतंजलीने महाभाष्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास, पाणिनीच्या ‘स्त्रियाम्’ या सूत्रावर लिहिताना विचारला आहे. भाष्याची रीतच अशी की शंका घेणारा आणि समाधान करणारा, दोघेही पानावर हजर असतात. लिंग शरीराच्या खुणांवरून ओळखायचं असेल तर खाट आणि झाड यांचं काय करायचं, असं शंका घेणारा विचारतो. त्यावर दोन उत्तरं पुढे येतात. वस्तूंमधलं लिंग मृगजळासारखं आहे, नसून भासतं, असं एक. ते सूर्याच्या गतीसारखं आहे, असतं पण डोळ्यांना दिसत नाही, असं दुसरं. आज या वादाचं रूप पालटलं आहे. वस्तूला लिंग असतं असं कुणी म्हणत नाही. पण शब्दाला लिंग आहे म्हणून बोलणाऱ्याला ती वस्तूच वेगळी दिसू लागते का, हा प्रश्न मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये गेली तीसेक वर्षं चघळला जातो आहे. ज्या मराठीने तिन्ही लिंगं आजवर सांभाळली, तिच्यात या प्रश्नाचा विचार झालाच पाहिजे. म्हणून इथे भाष्याचीच रीत उचलली आहे. पूर्वपक्षाला त्याची पूर्ण ताकद दिली आहे. उत्तरपक्ष माझा आहे.

पूर्वपक्ष : सुरुवात किल्लीपासून करू. जर्मनमध्ये किल्ली पुल्लिंगी, स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी. पूल उलटा, म्हणजे जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आणि स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी. लेरा बोरोडिट्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एका ग्रंथात मांडलेला प्रयोग असा. इंग्रजी जाणणाऱ्या जर्मन आणि स्पॅनिश भाषकांना अशा चोवीस वस्तूंची नावं इंग्रजीत दिली आणि प्रत्येकीसाठी मनात येतील ती विशेषणं लिहायला सांगितलं. जर्मनांची किल्ली कठीण, जड, दातेरी, लोखंडी निघाली. स्पॅनिश भाषकांची किल्ली सोनेरी, नाजूक कामाची, इवलीशी, चकचकीत. पुलाच्या बाबतीत पारडं फिरलं. जर्मनांना तो सुंदर, डौलदार, शेलाटा वाटला, तर स्पॅनिश भाषकांना प्रचंड, भक्कम, धोकादायक. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना लिंग नाही हे लक्षात घ्या. म्हणजे परक्या भाषेत बोलत असतानाही आईच्या भाषेचं लिंग आतून काम करत होतं. त्याच्याही दहा वर्षं आधी, १९९३ साली, तोशी कोनिशी यांनी जर्मन आणि स्पॅनिश भाषकांकडून शब्दांची पारख करून घेतली होती. तेव्हाही आपापल्या भाषेत पुल्लिंगी असलेले शब्द लोकांनी अधिक ताकदवान ठरवले. आपल्याकडे किल्ली ‘ती’ आणि पूल ‘तो’. मराठी माणसाला किल्ली कमरेला शोभणारी वाटते आणि पूल छाती काढून उभा असलेला वाटतो, ते उगीच नाही.

उत्तरपक्ष : प्रयोग देखणा आहे, म्हणूनच तो इतका गाजला. पण देखणेपण हा पुरावा नव्हे. त्या विशेषणांच्या प्रयोगाचा सविस्तर अहवाल स्वतंत्रपणे कधी छापला गेला नाही. ग्रंथातल्या प्रकरणात त्याचा सारांश आला आणि पुढे सगळे त्या सारांशावरच विसंबले. २०१४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम हाती लागला नाही. २०१९ साली सॅम्युएल, कोल आणि ईकॉट यांनी या विषयावरचे ४३ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत मिळून जवळजवळ ५,९०० माणसं सहभागी झाली होती. त्यांना दिसलं ते असं की परिणाम मिळतो की नाही हे फार करून काय विचारलं आणि कसं विचारलं यावर ठरतं. ‘या वस्तूला पुरुषाचा आवाज द्याल की बाईचा?’ असं विचारलं की लिंग डोकं वर काढतं. बाई-पुरुष हा विषयच काढला नाही की ते बहुतेक वेळा गप्प राहतं. पहिल्या प्रकारच्या प्रश्नाला उत्तर देताना माणूस व्याकरणाचा आधार शोधणारच. त्याच्यापाशी दुसरी कोणतीही खूण नसते.

आणि मराठीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा पुरावा वेगळाच आहे. २००२ साली मारिया सेरा आणि सहकाऱ्यांनी आवाज देण्याचा हाच प्रयोग स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मन भाषकांवर केला. स्पॅनिश आणि फ्रेंच भाषक लिंगाच्या मागे गेले. जेवणाचा काटा फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आणि स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी, त्याप्रमाणे आवाजही बदलले. जर्मन भाषक मात्र गेले नाहीत. २००५ साली गॅब्रिएला विग्लिओको यांच्या गटाला इटालियनमध्ये परिणाम दिसला तो फक्त प्राण्यांच्या शब्दांत. हत्यारं, भांडी अशा वस्तूंत नाही, आणि शब्दांऐवजी चित्रं दाखवली तेव्हाही नाही. जर्मनमध्ये तर कशातच नाही. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या दोन लिंगांच्या भाषा, जर्मन तीन लिंगांची. दोनच खण असले तर एक बाईचा आणि एक पुरुषाचा अशी वाटणी मनात सहज बसते. तिसरा खण आला, त्यात निर्जीव वस्तूंबरोबर ‘मुलगी’सारखा शब्दही जाऊन बसला, की खणांचं स्त्री-पुरुषांशी असलेलं नातं सैल होतं. मराठीत ‘मूल’ ते, ‘मांजर’ ते, ‘गाढव’ ते आणि ‘घर’ही ते. तेव्हा या बाबतीत मराठीची जात जर्मनची. राहिला पूल. कोकणातल्या ओढ्यावर दोन-चार ओंडके टाकून केलेला साकवही ‘तो’च असतो. त्यावरून चालणाऱ्याचे पाय लटपटतात. छाती काढून उभं राहण्याचा गुण व्याकरणातून आला असता तर तो साकवालाही मिळाला असता. पूल भक्कम वाटतो कारण तो दगडाचा किंवा सिमेंटचा असतो.

पूर्वपक्ष : प्रयोगशाळा सोडून देऊ. ती माणसाला अर्धा तास खुर्चीत बसवून प्रश्न विचारते. भाषा मात्र शतकानुशतकं काम करते. रोमान याकोबसनने १९५९ साली भाषांतरावर लिहिलेल्या निबंधात रशियन चित्रकार रेपिनची गोष्ट सांगितली आहे. जर्मन चित्रकार पापाची मूर्ती बाईच्या रूपात काढतात याचं रेपिनला कोडं पडलं होतं. जर्मनमध्ये पाप स्त्रीलिंगी आहे आणि रशियनमध्ये पुल्लिंगी, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मॉस्कोत १९१५ साली लोकांना आठवड्याचे वार माणसांच्या रूपात उभे करायला सांगितलं. सोमवार, मंगळवार, गुरुवार पुरुष झाले आणि बुधवार, शुक्रवार, शनिवार बायका. आपण हे व्याकरणाच्या लिंगाप्रमाणे करतो आहोत, हे बऱ्याच जणांच्या लक्षातही आलं नव्हतं. २०११ साली सेगेल आणि बोरोडिट्स्की यांनी युरोपीय कलेतली न्याय, काळ, मृत्यू यांसारखी मानवी रूपं मोजली. सुमारे ७८ टक्के वेळा चित्रातलं लिंग चित्रकाराच्या भाषेतल्या लिंगाशी जुळलं. कवितेत हे आणखी ठळक दिसतं. हाइनेच्या एका छोट्या जर्मन कवितेत उत्तरेतल्या बर्फात एकटा उभा असलेला सूचिपर्णी वृक्ष पूर्वेकडच्या एका ताडाची स्वप्नं पाहतो. जर्मनमध्ये पहिला पुल्लिंगी, दुसरा स्त्रीलिंगी, आणि सगळी कविता त्या विरहावर उभी आहे. लेर्मोंतोवने ती रशियनमध्ये नेली तेव्हा पहिल्या झाडासाठी स्त्रीलिंगी शब्द घेतला. प्रेम गेलं, एकटेपण उरलं. त्युत्चेवने ते वाचवण्यासाठी झाडच बदललं आणि पुल्लिंगी देवदार घेतला. मराठीत दुसऱ्या झाडासाठी माड घेतला तर दोन्ही पुरुष होतील, पोफळ घेतली तर प्रेम परत येईल. आणि घरातलं पाहायचं तर चिऊ-काऊची गोष्ट आहे. चिमण्यांत नर असतात, कावळ्यांत माद्या असतात. तरी मराठी मुलाच्या मनात चिऊ ही घर नीट राखणारी बाई आणि काऊ हा पावसात दार ठोठावणारा बाप्या. हे कुणी शिकवलं?

उत्तरपक्ष : व्याकरणाने शिकवलं. हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि त्याचं महत्त्व कमी करण्याची इच्छा नाही. पण तुम्ही दिलेल्या प्रत्येक उदाहरणात एक गोष्ट समान आहे. निर्जीवाला किंवा पशुपक्ष्याला माणसाचं शरीर द्यायची वेळ आली आहे. चित्रकाराला पाप काढायचं आहे, म्हणजे चेहरा हवा. आजीला कावळ्याला बोलतं करायचं आहे, म्हणजे ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे ठरवावंच लागतं. या टप्प्यावर भाषा हाताशी असलेलं लिंग पुढे करते. कल्पनेला तेवढी वाट तयार मिळते. पण तीच वाट धरायची सक्ती भाषा करत नाही. मराठीत ‘देश’ पुल्लिंगी, ‘राष्ट्र’ नपुंसकलिंगी, तरी भारत माता झाला. तिचं सर्वांत प्रसिद्ध रूप १९०५ साली अवनींद्रनाथ ठाकुरांनी रंगवलं, आणि त्यांच्या बंगालीत नामांना व्याकरणिक लिंगच नाही. कन्नड आणि तमिळमध्ये बुद्धी असलेल्यांनाच स्त्री-पुरुष मानतात. नदी हा शब्द तिथे नपुंसक, तरी कावेरी आईच आहे. म्हणजे नदीचं मातृत्व स्त्रीलिंगी प्रत्ययातून आलेलं नाही. ते पाण्यातून, शेतीतून आणि श्रद्धेतून आलं आहे, आणि लिंगाची अडचण असेल तर भाषेलाच वळवतं. संस्कृतात ब्रह्मपुत्र हा ब्रह्मदेवाचा मुलगा. मराठी माणसाने नदी म्हणून त्याची ‘ब्रह्मपुत्रा’ केली. महाभारतातला मृत्यूही पाहा. संस्कृतात हा शब्द एरवी पुल्लिंगी चालतो. तरी द्रोणपर्वात आणि शांतिपर्वात ब्रह्मदेव जिला निर्माण करतो ती मृत्यू एक स्त्री आहे. जीव घेण्याचं काम तिला नको असतं. ती रडते, आणि तिचे अश्रू पुढे माणसांचे रोग होतात. हे लिहिणाऱ्या कवीला व्याकरण येत नव्हतं असं कोण म्हणेल? त्याला जी करुणा दाखवायची होती ती स्त्रीच्या रूपात दाखवावीशी वाटली, आणि त्याने ती तशी दाखवली.

पूर्वपक्ष : तुमच्या उदाहरणांवरून इतकंच सिद्ध होतं की संस्कृती व्याकरणावर मात करू शकते. पण जिथे संस्कृतीचा काहीच आग्रह नाही तिथे काय? बोरोडिट्स्की आणि फिलिप्स यांनी इंग्रजी भाषकांना ‘गुम्बुझी’ नावाची एक बनवलेली भाषा शिकवली. तिच्यात वस्तूंचे दोन गट होते. एका गटात पुरुष, दुसऱ्यात बायका, आणि दोन्हींत निर्जीव वस्तू विभागून टाकलेल्या. एवढ्याशा शिकवणीनंतर त्या लोकांना पुरुषांच्या गटातल्या वस्तू पुरुषांशी आणि बायकांच्या गटातल्या बायकांशी जास्त जुळणाऱ्या वाटू लागल्या. त्या भाषेला परंपरा नाही, दंतकथा नाहीत, देवता नाहीत. जे घडलं ते निव्वळ वर्गीकरणाने घडवलं.

उत्तरपक्ष : त्या प्रयोगावर विश्वास ठेवायला माझी हरकत नाही. पण त्यात घडलं काय ते नीट पाहू. माणसाला नव्याने शिकवलं की चमचा आणि हे पुरुष एका खणात आहेत. मग विचारलं की चमचा कुणासारखा वाटतो. खण ताजा होता आणि त्यात मुद्दाम पुरुष बसवले होते. खऱ्या भाषेतला खण असा नसतो. मराठी मूल लिंग शिकतं ते बहुतांशी कानाने. ‘आ’ने संपणारा शब्द बहुधा तो, ‘ई’ने संपणारा बहुधा ती, सानुनासिक ‘अं’ने संपणारा ते. या नियमाला भाषा, हवा, पाणी, हत्ती असे पुष्कळ अपवाद आहेत, तरी बऱ्याच अंशी तो चालतो. पुरुषाच्या अंगावरची दाढी आणि मिशी स्त्रीलिंगी, डोक्यावरची पगडी स्त्रीलिंगी. बाईचा पदर पुल्लिंगी. लुगडं आणि धोतर दोन्ही नपुंसकलिंगी. दाढी कुरवाळताना आपण बायकी वस्तूला हात लावतो आहोत असं कोणाही मराठी पुरुषाला वाटत नाही. ‘माझा वेळ गेला’ आणि ‘जेवायची वेळ झाली’ यांत एकाच शब्दाने लिंग बदललं. बदलला तो अर्थाचा पदर, कालावधी आणि घटका. काळाला बाई-पुरुष कोणी केलं नाही. बस आली तेव्हा ती ‘गाडी’च्या मागे उभी राहून स्त्रीलिंगी झाली आणि ट्रक पुल्लिंगी. दोघांच्या चाकांत काही फरक नव्हता. आणि सर्वांत बोलका पुरावा कोल्हापूरकडचा. तिकडच्या कित्येक बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ असं बोलतात. वस्तूबद्दलचं नव्हे, स्वतःबद्दलचं क्रियापद पुल्लिंगी आहे, रोज आहे, जन्मभर आहे. तरी त्या स्वतःला पुरुष समजत नाहीत. स्वतःविषयीची जाणीव ज्या रूपाने बदलत नाही त्याने किल्लीचे दाते बोथट होतील, हे मानणं अवघड आहे.

पतंजलीचाही निवाडा याच दिशेचा आहे. एकाच नक्षत्राला पुष्य म्हटलं तर पुल्लिंगी, तारका म्हटलं तर स्त्रीलिंगी, नक्षत्र म्हटलं तर नपुंसक. आकाशातला तारा तिन्ही वेळा तोच. संस्कृतात पत्नीलाही तीन शब्द आहेत, ‘दार’ पुल्लिंगी, ‘भार्या’ स्त्रीलिंगी, ‘कलत्र’ नपुंसकलिंगी, आणि तिन्ही शब्दांनी दाखवलेली बाई एकच. म्हणून लिंग कोणी शिकवायची गरज नाही, ते लोकांच्या बोलण्यावर अवलंबून आहे, असं तो म्हणतो.

पूर्वपक्ष : मग तुमचं म्हणणं मृगजळाच्या बाजूला गेलं. लिंग ही नुसती जुळवाजुळव, विशेषणाला शेपूट कोणतं लावायचं एवढाच प्रश्न. असं असेल तर या विषयावर इतकं लिहिण्याचं कारण उरत नाही.

उत्तरपक्ष : कारण इथेच सुरू होतं. आतापर्यंत दोघांनी एकच प्रश्न धरून ठेवला होता. सुटी वस्तू घ्यायची, तिच्या नावाचं लिंग पाहायचं, आणि ते वस्तूवर उमटतं का ते तपासायचं. युरोपीय भाषांवर झालेल्या संशोधनाने घालून दिलेला हा साचा आहे. मराठीला तो पुरत नाही. मराठीत असंख्य वस्तूंच्या नावांचं लिंग ठरलेलं नसून निवडता येतं, आणि जिथे निवड आहे तिथे अर्थ आहे. डबा, डबी, डबडं. सुरा, सुरी. दोर, दोरी. खुंटा, खुंटी. हंडा, हंडी. दांडा, दांडी, दांडकं. टोपला, टोपली, टोपलं. बाहुला, बाहुली, बाहुलं. या मालिकेत ‘तो’ म्हणजे मोठा, जाड, दणकट. ‘ती’ म्हणजे लहान, हलकी, हातात मावणारी. ‘ते’ म्हणजे मोडकं, कुचकामी किंवा ज्याची फारशी किंमत नाही असं. डबा फडताळात असतो, डबीत कुंकू असतं, डबडं माळ्यावर पडलेलं असतं. माणसांनाही हेच लागू होतं. म्हातारा आणि म्हातारी ही माणसं. ‘म्हातारं’ म्हटलं की कीव आली, किंवा कंटाळा तरी. कुत्रा पाळलेला असतो, ‘कुत्रं’ हाकलायचं असतं. गुजराती आणि हिंदीतही अशा जोड्या आहेत. पण हिंदीने नपुंसकलिंग टाकलं आणि मराठीने ठेवलं, त्यामुळे मराठीत या उतरंडीला तिसरी पायरीही आहे.

इथे व्याकरण खरोखर जाणिवेला वळण देतं असं मला वाटतं. पण ज्या दिशेने सगळे पाहत होते तिच्या उलट दिशेने. पुल्लिंगी म्हटल्याने डबा पुरुष होत नाही. मराठीत वाढणाऱ्या मुलाला डबा आणि डबी शेजारी शेजारी ठेवून रोज ऐकू येतं की ‘मोठा’ तो आणि ‘छोटी’ ती. वस्तू आधीच डोळ्यांसमोर आहेत, त्यांचा आकार दिसतो आहे, त्याबद्दल मुलाचा गैरसमज होणार नाही. गैरसमज होईल तो ‘तो’ आणि ‘ती’ यांच्याबद्दल. कारण हीच सर्वनामं, हेच प्रत्यय, हीच विशेषणांची शेपटं बापाला, आईला, भावाला, बहिणीला लागतात. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर मुलाला पुरुष आणि बाई यांच्या मापांचा धडा मिळतो, आणि तो कुणी दिला हे कुणालाच कळत नाही. हे प्रयोगाने मोजलेलं नाही. भाषेच्या रचनेवरून काढलेलं हे अनुमान आहे आणि अनुमान म्हणूनच ते मांडत आहे. पण गुम्बुझीचा तुमचा प्रयोग त्याच्याच बाजूने साक्ष देतो. एका खणात वस्तू आणि माणसं एकत्र बसवली की नातं जुळतं, हे तुम्हीच दाखवलंत. मराठी जोड्यांत खण सैल नाही, कारण तिथे दोन रूपं समोरासमोर येतात आणि फरकाला नाव मिळतं.

पूर्वपक्ष : यावर तीन आक्षेप आहेत. पहिला, ‘ई’ हा इथे लघुत्व दाखवणारा प्रत्यय आहे. संस्कृतच्या ‘इका’पासून तो आला, आणि लहानपण दाखवणं हेच त्याचं काम. तो स्त्रीलिंगीही आहे हा योगायोग. दुसरा, तुमची उतरंड टिकत नाही. तलवार ती आहे आणि सुरा तो. तोफ ती, बाण तो. नदी ती आणि तिला मिळणारा ओढा तो. तिसरा, माणसांत आणि बऱ्याच प्राण्यांत नर खरोखर मोठा असतो. भाषेने तेवढंच टिपलं असेल तर तिला दोष कसला?

उत्तरपक्ष : दुसरा आधी घेऊ, कारण तो माझ्याच बाजूचा आहे. तलवार आणि सुरा ही जोडी नाही. दोन वेगळ्या मुळांचे शब्द आहेत, ‘तलवारा’ असा शब्दच नाही. म्हणून तलवारीचं स्त्रीलिंग कुणाला जाणवतही नाही आणि ती नाजूकही वाटत नाही. सुटा शब्द असतो तेव्हा लिंग झोपलेलं असतं, जोडी जुळली की जागं होतं. सुऱ्याशेजारी सुरी ठेवा, लगेच एक कापायला आणि दुसरी सोलायला. पहिल्या आक्षेपाचं उत्तर असं की शब्दाचा इतिहास बोलणाऱ्याच्या डोक्यात नसतो. ‘इका’ कुठून आलं हे भाषाशास्त्रज्ञाला ठाऊक. मुलाला ऐकू येते ती ‘छोटी डबी’, आणि त्यातला ‘छोटी’ तोच जो ‘छोटी बहीण’मध्ये आहे. शिवाय लघुत्व आणि स्त्रीत्व एका प्रत्ययात कोंबणं ही भाषेची गरज नाही. जर्मनने लहानपणाचे प्रत्यय नपुंसकलिंगात ठेवले, म्हणून तर तिथे ‘मुलगी’ नपुंसक झाली. स्पॅनिशमध्ये तर काही जोड्या उलट्या चालतात. ‘हुएर्तो’ म्हणजे घरामागचा भाजीचा वाफा, पुल्लिंगी. ‘हुएर्ता’ म्हणजे मोठा बागायती मळा, स्त्रीलिंगी. ‘चार्को’ डबकं, ‘चार्का’ तळं. तिथे ‘ती’ मोठी आहे. यातच तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर आहे. नर मोठा असतो हे निसर्गातलं निरीक्षण भाषेने टिपलं असतं तर ते स्पेनमध्येही टिपलं गेलं असतं. तिथले पुरुषही बायकांपेक्षा सरासरीने उंच आहेत. भाषांनी वेगवेगळ्या निवडी केल्या. मराठीने केलेली निवड तिची स्वतःची आहे.

पूर्वपक्ष : नपुंसकलिंगाबद्दल मात्र तुम्ही अन्याय करता आहात. लेकरू, वासरू, कोकरू, पाडस, पाखरू, पिल्लू, बाळ. मराठीतली सगळी माया याच लिंगात साठली आहे. ते उतरंडीची शेवटची पायरी कसं?

उत्तरपक्ष : हे खरं आहे, आणि चांगलं झालं तुम्ही आठवण करून दिलीत. मायेचं नपुंसक आणि तुच्छतेचं नपुंसक ही दोन्ही मराठीत आहेत. पण दोन्हींत एक गोष्ट सामाईक आहे. ज्याला अजून स्वतःचा शब्द नाही, ज्याला मोजायचं नाही, असं काहीतरी. लेकराला कुशीत घेतात आणि डबड्याला भिरकावतात, निर्णय दोन्हींच्या वतीने दुसराच घेतो. कोकणीत हे आणखी स्पष्ट दिसतं. गोव्यात लहान किंवा तरुण मुलीबद्दल ‘तें आयलें’ असं नपुंसकलिंगात बोलतात, मालवणीतही ‘चेडू’ ते. त्यात जिव्हाळा आहे हे नाकारता येणार नाही. मुलगा मात्र लहानपणापासून ‘तो’ असतो. मुलीला ‘ती’ होण्यासाठी वय वाढावं लागतं. जिव्हाळ्यानेच हे केलं म्हणून ते घडलं नाही असं होत नाही.

पूर्वपक्ष : तरीही तुमचा सगळा डोलारा आकारावर उभा आहे. ‘तो’ मोठा, ‘ती’ लहान. उद्या कुणी म्हणेल, मापाचा फरक दाखवायला भाषेला काहीतरी लागतंच, तिने हे वापरलं, त्यात स्त्री-पुरुषांचा संबंध नाही.

उत्तरपक्ष : तर मग विळा आणि विळी घ्या. एकाच मुळाची जोडी, वाकडं धारदार पातं दोन्हीकडे. विळा हातात धरायचा, विळी लाकडी पाटावर ठोकलेली. पाटासकट पाहिली तर विळी विळ्यापेक्षा जडच भरते, काही वेळा मोठीही. तिच्या ‘ई’ला आकाराचा आधार नाही. विळा रानात असतो, विळी चुलीजवळ. इथे लिंगाने माप सोडून जागा दाखवायला सुरुवात केली आहे, आणि त्या दोन जागांपैकी कोणती कुणाची, हे ऐकणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. रानातल्या विळ्याची मूठ बहुतेक वेळा बाईच्याच हातात असते. भात कापायला ती ओळीत वाकलेली असते, मुठीमागून मूठ कापत पुढे सरकते. दिवस मावळल्यावर तोच विळा छपराच्या वाशात खोवून ती आत जाते आणि विळीवर भाजी चिरायला बसते.